निधीच्या मागची भिंत

चेन्नईत बर्फ म्हणजे फ्रीजच्या ट्रेमधला, नाहीतर कासिमेडूच्या बंदरावर माशांवर टाकतात तो. अशा गावातली आमच्या वरच्या मजल्यावरची निधी २००७ साली बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत उतरली होती. सप्टेंबरात ती युरोपातून परत आली आणि जिना उतरून खाली यायचीच बंद झाली.

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. विल्लिवाक्कमला आमच्या कॉलनीमागे सिमेंटचा एक रिंक आहे. भोवती कमरेएवढी विटांची भिंत. तिथे भवानी मिस मुलांना चाकांचं स्केटिंग शिकवतात. निधीनं चाकांवर राष्ट्रीय बक्षीस मिळवलं, तेव्हा स्केटिंगच्या संघटनेनं तिला बर्फावर आणायचं ठरवलं. उन्हाळ्यात महिनाभर क्वालालंपूरच्या एका मॉलमधल्या छोट्या रिंकवर सराव आणि मग भवानी मिसबरोबर जाऊन मोसमातल्या दोन स्पर्धा. पहिली सप्टेंबरात, दुसरी ऑक्टोबरअखेर. पहिल्या स्पर्धेत ती चार वेळा पडली आणि शेवटची आली.

मी केंद्रीय विद्यालयात विज्ञान शिकवत असे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आजूबाजूची मुलं काही ना काही विचारायला येतात, आणि निधी त्यांत सर्वांत जास्त. म्हणून ती येईना तेव्हा घर ओकंओकं वाटायला लागलं. एका संध्याकाळी तिची आई चारुलता दारात उभी राहिली.

"काकू, वर येता का जरा? बापलेकीचं बोलणं बंद आहे. एक इडलीला हात लावत नाही, दुसरा पेपरातून डोकं काढत नाही. मधल्या मधे माझी चटणी आंबून चाललीये."

वर गेले तर महेश खरंच पेपरामागे होता. तो इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पुण्याहून येऊन त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी बसल्यावर त्यानं पेपर खाली ठेवला.

"काकू, आमच्याकडे लाइन बंद पडली की कारण सापडल्याशिवाय परत सुरू करत नाहीत. वरून कितीही ओरडा होऊ दे. सारखं विचारायचं, का? त्याचं उत्तर आलं की परत, ते का? मी हिला विचारलं, का पडलीस? म्हणते माहीत नाही. मग पुन्हा पाठवायचं कशाला? पुन्हा पडायला? एखाद्या दिवशी हात मोडून घेईल."

आतल्या खोलीतून आवाज आला, "बाबा, मी काय कन्व्हेयर आहे का?"

"कन्व्हेयर बरा. त्याचा मीटर तरी बघता येतो!"

संघटनेला सोमवारी कळवायचं होतं. दुसऱ्या स्पर्धेसाठी पालकांची सही लागणार होती. महेशनं आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलं. तोपर्यंत कारण कळलं तर तो सही करील. नाही कळलं तर निधीचं नाव मागे घ्यायचं आणि पुढच्या वर्षीपासून नुसता अभ्यास.

निधी दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण हनुवटी वर होती. "आजी, मला जायचंय. शेवटची आले त्याचं काही नाही. पण मला पुन्हा जायचंय."

"मग कारण शोधू या," मी म्हटलं. "तुला काय वाटतं?"

"सगळे म्हणतात बर्फ. चेन्नईच्या मुलीला बर्फ कसा जमणार."

"सगळे म्हणतात ते राहू दे. मॉलमध्ये पण बर्फच होता ना? तिथे किती पडायचीस?"

ती विचारात पडली. "पहिल्या आठवड्यात खूप. मग नाही. शेवटी शेवटी तर अजिबात नाही."

"म्हणजे बर्फ सुटला. तिथे नव्हतं आणि स्पर्धेत होतं, असं काय काय होतं?"

"जज होते. खूप लोक होते. थंडी होती. भीती वाटत होती."

"पडलीस ती सगळ्यात जास्त भीती वाटली तेव्हा?"

"नाही ना! तेच तर. पहिल्या उडीला सगळ्यात जास्त भीती होती आणि ती उडी नीट झाली. नंतर मजा वाटायला लागली, आणि मग पडले."

महेशनं मान वर केली. त्याला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निधीनं भवानी मिसकडून स्पर्धेच्या चित्रीकरणाची सीडी आणली. मिसही बरोबर आल्या. त्या तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी ऐकताना मला नेहमी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीची पेटी उघडतंय असं वाटतं. त्यात तमिळ मिसळलेलं, आणि वाक्य संपताना तमिळचाच हेल.

"मी सत्रा वेळां पाहिलें, अम्मा," त्या म्हणाल्या. "पाय बरोबर, हात बरोबर, उडी पण बरोबर. उतरली कीं पडली. कां तें मला ठाव नाहीं."

टीव्हीवर आम्ही चौघींनी पाहिलं. निळ्या झग्यातली निधी वेगानं येई, वळे, हवेत फिरकी घेई आणि पाठीकडच्या दिशेनं उतरे. फिगर स्केटिंगमध्ये उडीनंतर असंच मागे सरकत उतरायचं असतं. एक पाय बर्फावर, दुसरा मागे ताणलेला आणि मोठ्या कमानीत मागे मागे जायचं. निधी उतरे, कमान सुरू होई आणि तेवढ्यात ती आतल्या बाजूला कलंडे.

"कुठे पडलीस ते दिसत नाही," मी म्हटलं. कॅमेरा तिच्याच मागे मागे फिरत होता. "रिंकच्या मधे की कडेला?"

"आठवत नाही, आजी. गरगर फिरल्यावर काय आठवतंय."

"मागच्या पाट्या बघ."

रिंकच्या कडेच्या फळ्यांवर जाहिराती होत्या. अक्षरं आम्हांला वाचता येत नव्हती, पण रंग ओळखता येत होते. लाल पाटी, मग हिरवी, मग घोड्याचं चित्र. सुरुवातीला कॅमेरा सगळ्या रिंकभर फिरला होता, त्यावरून कुठली पाटी कुठे ते निधीनं जुळवलं. प्रत्येक वेळी पडताना मागे कुठली पाटी आणि ती किती मोठी दिसते, यावरून ती कडेपासून किती लांब होती त्याचा अंदाज बांधला. या कामात तिची इडली खाऊन झाली, हे फक्त चारुलतानं पाहिलं आणि गुपचूप आणखी दोन वाढल्या.

ऊन उतरल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. चेन्नईच्या गच्च्यांवर उन्हासाठी लाल चौकोनी फरशा बसवलेल्या असतात. आलेखाचा कागदच तो. एका फरशीला दोन मीटर धरून निधीनं खडूनं स्पर्धेचा रिंक काढला. साठ मीटर लांब, तीस रुंद. मधोमध तिची सुरुवातीची जागा. मग जिथे जिथे पडली तिथे फुल्या.

चार फुल्या. दोन एका टोकाकडे, एक दुसऱ्या टोकाकडे, एक लांबच्या बाजूला. जी उडी नीट झाली तिथे तिनं गोल काढला. तो जवळजवळ मध्यावर आला.

"सगळ्या कडेला पडल्या," चारुलता म्हणाली.

"कडेला कुठे, आई? कडा इथे आहे." निधीनं पायानं दाखवलं. "केवढी जागा शिल्लक होती. मागे आख्खं मैदान होतं."

ती उकिडवी बसून फुल्यांकडे पाहत राहिली. मूल असं पाहत असताना मोठ्यांनी बोलू नये. मला तरी अजून काही दिसलंच नव्हतं, त्यामुळे गप्प राहणं सोपं होतं.

"मिस," तिनं एकदम विचारलं, "आपला रिंक केवढा आहे?"

"चाळीस मीटर आणि वीस."

निधीनं खडू उचलला. मोठ्या चौकोनाचा मध्य धरून आत एक लहान चौकोन आखायला घेतला. तिसरी बाजू काढता काढता तिचा हात मंद झाला. चौथी तिनं पुरी केली नाही. चारही फुल्या त्या आतल्या रेघेला लागून होत्या, सगळ्या आतल्या अंगाला.

"आजी, ही तर आपली भिंत आहे!"

मग भवानी मिस मटकन टाकीच्या कठड्यावर बसल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "हें तर मी केलें."

त्यांनी सांगितलं ते असं. फार पूर्वी त्यांच्या रिंकवर एक मुलगी उडीनंतर मागे सरकत सरकत भिंतीवर आदळली आणि तिचं मनगट मोडलं. मागे सरकताना भिंत दिसत नाही. तेव्हापासून त्या प्रत्येक मुलाला एकच शिकवत आल्या, उतरलीस की आत ये. कमान लहान घ्यायची आणि भिंतीच्या आधी वळायचं. मुलं ते इतकं शिकली की त्यांना ते सांगावंच लागेना. राष्ट्रीय स्पर्धेत तर परीक्षक कौतुक करत, या रिंकच्या मुलींचं उतरणं कसं आटोपशीर!

"पण मग मॉलमध्ये ती का नाही पडली?" चारुलतानं विचारलं.

"मॉलचा रिंक पण आपल्याएवढाच होता, आई. मी तिथे हळू जायचे." निधी आता उभी राहिली होती. "स्पर्धेत मिस म्हणाल्या, एवढी मोठी जागा आहे, भरून टाक. म्हणून मी जोरात गेले. पण भिंतीची जागा आली आणि..." ती थांबली. अनवाणीच वळून मागे सरकत असल्यासारखी उभी राहिली आणि तिचा खांदा आपोआप आत ओढला गेला. "आणि मी आत आले!"

"आपली शहरातली एमटीसीची बस वळणावर जोरात घेतली तर काय होतं?" मी विचारलं.

"सगळे एकमेकांच्या अंगावर."

"वळण तेवढंच लहान, वेग मात्र वाढलेला. त्या वेगाला मोठं वळण हवं होतं. तू जेवढी आत कललीस तेवढं बुटाच्या पात्यानं बर्फाला धरलं नाही."

महेश कामावरून आला तेव्हा आम्ही त्याला बुटांसकट गच्चीवर नेलं. निधीनं सगळं सांगितलं. त्यानं खाली वाकून फुल्या पाहिल्या, आतल्या रेघेवरून एक फेरी मारली आणि पुढे प्रश्न विचारत गेला. का पडली? कमान लहान म्हणून. ती का लहान? भिंतीच्या सवयीनं. शेवटी तो उभा राहिला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हा अंदाज झाला."

"बाबा!"

"ओरडू नकोस. मोठ्या जागेत, जिथे भिंत नाही तिथे, चाकांवर जोरात जाऊन उतरलीस आणि तरी आत ओढली गेलीस, तर मी मानीन. आणि ते सुधारता येतंय का ते पण बघायला हवं. नुसतं कारण कळून लाइन चालू होत नाही."

"एवढी मोठी गुळगुळीत जागा चेन्नईत कुठे आहे?" चारुलता म्हणाली. "मरीना बीचवर चाकं चालतात का?"

जेवताना महेशचा घास एकदम हातातच राहिला. त्याच्या कंपनीची नवी शेड शहराबाहेर ओरगडमला नुकतीच बांधून झाली होती. जमीन घोटून आरशासारखी केलेली आणि यंत्रं अजून जहाजावर.

रविवारी सकाळी आम्ही पाचजण त्यांच्या गाडीत दाटीवाटीनं बसून ओरगडमला गेलो. साहेबांकडून परवानगी काढताना महेशनं काय सांगितलं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. शेडचं लोखंडी दार वर गेलं आणि आत नुसती जमीनच जमीन. बोललेलं लांबून परत ऐकू येत होतं. निधी स्केट बांधता बांधता सारखी वर, मग लांब, मग पुन्हा वर पाहत होती.

पहिल्या उडीला ती आत ओढली गेली आणि पडली. दुसऱ्या उडीलाही तेच झालं.

"मानलं," महेश म्हणाला. "कारण बरोबर."

पण तिसऱ्या आणि चौथ्या उडीलाही तेच झालं. निधीच्या गुडघ्यावरचं पॅड सरकलं होतं. ती जमिनीवरच बसून राहिली.

"मला माहितीये भिंत नाहीये. डोक्याला माहितीये. पायांना कोण सांगणार?"

भवानी मिसनी हात, खांदा, मान, सगळं सांगून पाहिलं. मी तिला म्हटलं, उडीच नको, नुसती मागे सरक आणि कुठवर जातेस ते बघ. तेही ठरावीक जागेपाशी तुटायचं. महेश घड्याळाकडे पाहत नव्हता, पण सोमवार सगळ्यांच्या मनात होता. चारुलतानं दहीभाताचा डबा उघडला आणि परत बंद केला.

मग निधी म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या मागे उभे राहा. खूप लांब. आणि सांगा, किती जागा आहे ते."

"मी कसं सांगू?"

"ट्रक मागे घेताना कसं सांगतात तुमच्याकडे?"

महेशनं आमच्याकडे पाहिलं. मोठ्या पदावरचा माणूस, सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट. तो चालत गेला, शेडमध्ये बराच आत जाऊन उभा राहिला आणि हात वर करून ओरडला, "वा, वा, वा, वा!"

तमिळमध्ये वा म्हणजे ये. सगळ्या शेडभर ते घुमलं. निधी मागे सरकायला लागली. ठरावीक जागा आली, तिचा खांदा हलला, पण पाठीमागून आवाज येतच होता. "वा, वा, अजून वा, भरपूर आहे, वा!" ती सरकत राहिली. कमान उलगडत गेली, आणि ती एवढी लांब गेली की महेशलाच बाजूला उडी मारावी लागली.

"अरे, ब्रेक!" चारुलता ओरडली.

"ट्रकला आरसे असतात," महेश धापा टाकत म्हणाला. "हिला नाहीत."

निधी हसत हसत खाली बसली. पण लगेच उठली. आता उडी. पहिल्यांदा थोडी आत आली, पण पडली नाही. पुढच्या वेळी कमी आत आली. महेश दर खेपेला आणखी मागे जाऊन उभा राहत होता आणि आवाज चढवत होता, इतका की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. दुपार झाली तेव्हा महेशचा घसा बसला होता. त्यानं आवाज दिला तो आम्हांला नुसता खरखरल्यासारखा ऐकू आला. निधीला बहुधा ऐकूच आला नसावा. ती वेगानं आली, वर गेली, फिरली, उतरली आणि एक पाय मागे ताणून, हात पसरून, त्या लख्ख जमिनीवरून मागे मागे जात राहिली. एवढ्या मोठ्या कमानीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

भवानी मिस हळूच म्हणाल्या, "अशी उतरते होय ही. मला ठावच नव्हतें."

जेवण झाल्यावर महेशनं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. निधीनं ती वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यानंतर यंत्रं येईपर्यंत प्रत्येक रविवारी ते ओरगडमला जात होते.

ऑक्टोबरअखेरच्या त्या रात्री जागरण करायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण स्पर्धा तिकडे दुपारी होती, त्यामुळे जेवायच्या वेळेलाच फोन वाजला. महेशनं स्पीकर लावला.

"आई, बाबा, आजी! शेवटून पाचवी!"

चारुलतानं मोठ्यांदा "गं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. शेवटून पाचवी आल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिला नाही.

"पडलीस का?" महेशनं विचारलं.

"एकदा. पण उतरताना नाही, बाबा, गोल फिरताना. खड्डा होता बर्फात. आणि एका उडीनंतर मी एवढी मागे गेले की माझा झगा फळीला घासला! समोरचे लोक ओरडले. मिसनी डोळे मिटले होते."

"मी नाही मिटले," मागून भवानी मिसचा आवाज आला. "थोडे मिटले."

मग निधीला काहीतरी सांगायचं होतं आणि ती आधीपासून त्यासाठी उतावीळ झाली होती. तिच्या गटात एक मुलगी होती, हंगेरीची. बाकी सगळ्या उडीत डावीकडे फिरतात, ती एकटी उजवीकडे. सगळं आरशातल्यासारखं. सरावाच्या वेळी सगळ्या एका बाजूनं येतात आणि ती समोरून. "आजी, ती तशी का? कोणी शिकवलं म्हणून, की जन्मतःच? मी तिला विचारलं पण तिला इंग्लिश येत नाही. मी हातांनी विचारलं. तिनं पण हातांनी काहीतरी सांगितलं, ते मला कळलं नाही."

"आल्यावर बघू," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर महेश उठून खिडकीपाशी गेला. थोड्या वेळानं, पाठ आमच्याकडेच ठेवून, तो म्हणाला, "संघटनेचा परवा फोन आला होता. पुढच्या उन्हाळ्यातल्या बर्फाच्या शिबिराचं विचारत होते. मी हो म्हणून टाकलं."

"मला न विचारता?" चारुलता म्हणाली.

"तू नाही म्हणणार होतीस?"

"नाही म्हणणार नव्हते. पण विचारायचं तरी!"

त्यांचं चालू राहिलं आणि मी खाली आले. दार लावलं. स्वयंपाकघराच्या मोकळ्या जागेत उभी राहिले, ओटा धरायला जवळ आहे याची खात्री करून घेतली, आणि कुठल्या बाजूला फिरायचं ते न ठरवता एक गिरकी घेतली. डावीकडे फिरले. मग मुद्दाम उजवीकडे फिरून पाहिलं. तोल गेला आणि ओटा धरावा लागला.

दोन्हीकडे सारखंच फिरता यायला काय हरकत आहे, ते काही माझ्या लक्षात येईना. म्हणून मी पुन्हा एकदा फिरून पाहिलं.